पास होण्यापुरतं दुःख

माझ्या धाकट्या भावाला स्वतःच्या चेहऱ्याचं दुःख नाही, हे सरकारी शिक्क्यानिशी सिद्ध झालं त्या दिवशी रडावं की पेढे वाटावेत हे मला कळेना. मापन केंद्राच्या खिडकीतून आलेल्या कागदावर लिहिलं होतं: गुरुनाथ शिवशंकर होनराव, वय एकोणतीस, क्लेशांक बावीस. आणि त्याखाली जाड अक्षरांत, 'उपचार नव्हे, सौंदर्यवर्धन'.

"बावीस म्हणजे लै झाले की," गुरू म्हणाला. "गणितात मला एवढेच पडायचे."

"साठ लागतात. आणि एकोणीस दिवस राह्यलेत," मी म्हटलं. "तुला चेष्टा सुचायलीय."

असं म्हणून मी त्याच्याकडे रागानं पाहिलं. म्हणजे त्याच्या डाव्या कानाकडे पाहिलं. गुरूचा उजवा गाल, उजव्या डोळ्याची खालची पापणी आणि ओठाचा कोपरा पाच वर्षांचा असताना भाजला. तेव्हापासून मी त्याच्या डावीकडे बसते, डावीकडून चालते आणि बोलताना डाव्या कानाशी बोलते. चोवीस वर्षांत तो कान मला इतका पाठ झालाय की कुणी सांगितलं तर डोळे मिटून काढून दाखवीन. उजव्या गालाचं मात्र मला कुणी विचारू नये.

मी महानंदा होनराव. लातुरात करसल्लागार आहे. लोकांची विवरणपत्रं भरते, त्यांना न दिसणाऱ्या सवलती शोधून देते आणि दिसणाऱ्या चोऱ्या करू देत नाही. तोंडानं फटकळ आहे, पण बारा वर्षांत माझ्या एकाही अशिलाला नोटीस आलेली नाही. त्यामुळे घरच्याच माणसाचा अर्ज नामंजूर झाला, तेव्हा केंद्रातल्या कारकुनानंही मला चहा विचारला.

ही भानगड नवी आहे, म्हणून जरा मागून सांगते. जुना नियम सोपा होता. जन्मजात व्यंग असेल, अपघात झाला असेल, भाजलं असेल, तर चेहऱ्याची दुरुस्ती हा उपचार आणि त्यावर कर नाही. बाकी सगळी हौस, आणि हौसेला कर. मग त्वचा विणायचं तंत्र आलं. कानामागची चिमूटभर कातडी द्यायची, प्रयोगशाळेत तिच्या पेशींपासून नवा गाल, नवं नाक, हवं ते तयार होतं, आणि आपल्याच पेशी असल्यामुळे शरीर ते नाकारत नाही. झालं! राज्यात अपघातांची साथच आली. माझ्याकडे आलेल्या एका व्यापाऱ्याची बायको, मुलगी आणि सासू एकाच महिन्यात एकाच जिन्यावरून पडल्या होत्या, तिघीही नाकावर. त्यांचं घर तळमजल्यावर होतं. मी त्याला हात जोडून बाहेर काढलं.

शेवटी दोन हजार सदतीस सालचा कायदा आला. कारण खोटं सांगता येतं, म्हणून कारण विचारणंच बंद झालं. आता दुःख मोजतात. आपल्या मेंदूच्या खालच्या बाजूला चेहरे ओळखणारा एक पट्टा असतो. आरशात पाहिलं की तो जागा होतो. चेहरा माणसाला छळत असेल तर त्याच क्षणी आणखी दोन जागा चाळवतात, एक भीतीची बदामाएवढी गाठ आणि दुसरी वेदनेची, म्हणजे हाताला खरोखरचा चटका बसल्यावर जी जागी होते तीच. डोक्यावर टोप चढवून आरशासमोर बारा मिनिटं बसवतात. टोप मेंदूतल्या चुंबकीय हालचाली टिपतो आणि शंभरापैकी आकडा देतो. नाटक चालत नाही. ढसाढसा रडलात तरी आकडा हलत नाही, कारण रडण्याची जागा वेगळी. साठ आणि वर पडले तर उपचार: कर माफ, विमा लागू. साठच्या आत राहिलात तर तीच शस्त्रक्रिया, तोच डॉक्टर, पण हौस: विमा नाही, वर हौसेचा जबर कर.

कायदा करणाऱ्यांच्या डोक्यात एक गोष्ट आली नाही. ज्या माणसानं जळलेल्या तोंडाशी समेट केलाय, त्याचं काय? तर तो हौशी.

गुरूचा नवा गाल पुण्याच्या प्रयोगशाळेत तयार होता. एका पसरट काचेच्या भांड्यात, गुलाबी पाण्यात. तिथल्या मुलीनं मला पडद्यावर दाखवला होता. घामाच्या छिद्रांसकट गाल होता, फक्त त्याला माणूस नव्हता. शरीराबाहेर तो सहा आठवडे जगतो. त्यांतले एकोणीस दिवस उरले होते, चाचणीचे दोन प्रयत्न उरले होते, आणि प्रमाणपत्राशिवाय ती शस्त्रक्रिया आम्हाला सात जन्मांत परवडणार नव्हती.

गुरू औशाला पशुधन पर्यवेक्षक आहे. गुरांना त्याच्या तोंडाची काही तक्रार नसते आणि गुरांच्या मालकांनाही नसते. तीन वर्षं मी या शस्त्रक्रियेसाठी त्याच्या मागे लागले होते आणि तीन वर्षं तो हसण्यावारी नेत होता. मग मागच्या उन्हाळ्यात मामेभावाच्या लग्नात आमचा दोघांचा फोटो काढायची वेळ आली. फोटोवाल्यानं मला त्याच्या उजवीकडे उभं केलं, मी मुकाट्यानं फिरून डावीकडे गेले. घरी येताना गाडीत गुरू एकदम म्हणाला, "कर अक्का. तुला काय करायचंय ते कर." मला इतका आनंद झाला की मी कारण विचारलं नाही.

अर्जात दुखापतीच्या कारणाचा एक रकाना अजून आहे, भरला नाही तरी चालतो. मी भरला होता. 'चुलीत पडून.' दवाखान्याच्या जुन्या कागदावरही तेच आहे, आईनं सांगितलेलं. ते खोटं आहे.

आमच्याकडे वेळा अमावास्येला, म्हणजे येळवशीला, सगळं गाव रानात जेवायला जातं. भज्जी, आंबील, खिचडा. दिवस कलला की कडब्याचा पुडा बांधून पेटवायचा आणि तो घेऊन पिकातून पळायचं, त्याला हेंडगा म्हणतात. हेंडगा मोठी माणसं धरतात. त्या वर्षी मी हट्टानं काकाच्या हातातून ओढून घेतला. बारा वर्षांची होते. गुरू माझ्यामागे ओरडत पळत होता, "अक्का मला, अक्का मला." मी थांबले आणि गर्रकन वळले. एवढंच. पुढचं मला सांगता येत नाही.

त्या दिवशी आईनं मला कडब्याच्या गंजीमागे नेलं आणि तिच्या गळ्यातल्या इष्टलिंगावर माझा हात ठेवला. चूल म्हणायचं. गुरूला मोठेपणीही सांगायचं नाही, नाहीतर भाऊ तुटंल. आई जाऊन सहा वर्षं झाली. शपथ तशीच होती.

*

लातूरला कशाचा क्लास नाही? ज्या शहरात पोरांना डॉक्टर होण्यासाठी घासून घेतात, तिथं दुःखाचा क्लास निघायला कितीसा वेळ लागणार! दर्पण क्लासेस, तिसरा मजला, बाहेर बोर्डावर पास झालेल्यांचे फोटो आणि आकडे. जाधव, एकाहत्तर. शेख, अठ्ठ्याहत्तर. मी एकाही अशिलाला तिथं पाठवलं नव्हतं. भावाला घेऊन गेले.

क्लास चालवणाऱ्या जाजू मॅडम पूर्वी जीवशास्त्र शिकवायच्या. छडी नव्हती, पण हात छडी धरल्यासारखाच असायचा.

"हे बघा होनराव," त्या गुरूला म्हणाल्या, "तुमची अडचण काय आहे, की तुम्ही सुखी आहात. आपण त्यावर काम करू."

सरावासाठी त्यांच्याकडे डोक्याला बांधायची साधी पट्टी होती आणि भिंतीवर आकडा दिसायचा. समोर आरसा. पद्धत अशी, की आयुष्यातला प्रत्येक अपमान उकरून काढायचा आणि तो आरशातल्या चेहऱ्याला चिकटवायचा. रोज दोन तास. माझ्या डोळ्यांदेखत एक बाई चाळिसावरून बासष्टवर गेली आणि ती जिना उतरताना तोंडावर पदर घेऊन उतरली. येताना घेतलेला नव्हता.

"शाळेत मुलं काय म्हणायची तुम्हाला?" मॅडमनी विचारलं.

"कोळसा."

"मग? काय वाटायचं?"

"मीच ठेवलं होतं ते नाव, मॅडम. दुसऱ्यानं ठेवायच्या आधी." आकडा एकोणीसवर होता.

"लग्नाला नकार आला असेल."

"तीन आले. एकीचा तर लै भारी आला. म्हणली, तोंडाचं काय न्हाई हो, पर तुमच्या अंगाला म्हशीचा वास यायलाय." तो स्वतःच हसायला लागला. आकडा चौदा.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "अहो, यांना घरी कुणी कधी टोचून बोललंच नाही का?"

नव्हतंच बोललं. आईनं आमच्या घरात त्याच्यासाठी एकही आरसा उतरवला नाही आणि एकही जादा लावला नाही. तो उन्हातान्हात खेळला, नाटकात उभा राहिला, मार खाल्ला आणि दिला. आईचं एवढं मोठं काम मी दोन तासांच्या हप्त्यांनी मोडायला निघाले होते, हे मला तेव्हाही कळत होतं. पण काचेच्या भांड्यातला तो गाल डोळ्यांसमोरून हलत नव्हता. एकदा तो गाल लागला की त्या संध्याकाळचं सगळं पुसलं जाईल, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या चाचणीत सव्वीस पडले. नऊ दिवस उरले, एक प्रयत्न उरला. मॅडमनी दिवसाला चार तास केले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याचा डबा घेऊन क्लासवर गेले. दार ढकललं तेव्हा गुरू आरशासमोर बसला होता आणि भिंतीवर एकवीस होता. मी आत पाऊल टाकलं. त्याला मी आरशात दिसले. आकडा हलला. तीस, चव्वेचाळीस, एकोणसाठ, सहासष्ट.

मॅडम हळूच म्हणाल्या, "बाई, जरा बाहेर जाता का?"

मी दाराबाहेर गेले. आतून त्यांचा आवाज आला, "अठ्ठावीस." मग, "या आत." मी आत गेले. अडुसष्ट. चेहरा तोच, आरसा तोच, खोलीही तीच. वाढले होते ती फक्त मी.

गुरूनं पट्टी ओढून काढली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा आवाज चढला. "मॅडम, यंत्र बिघडलंय तुमचं. अक्काला ह्यात आणायचं न्हाई."

"अहो, नियमात बसतं!" मॅडमच्या डोळ्यांत चमक आली होती. "टोप घातल्यावर लोक घाबरतात म्हणून एक नातेवाईक सोबत बसू शकतो. या मागे बसतील, आरशात दिसतील. तुमचं काम झालं म्हणून समजा."

तो डबा न घेता खाली निघून गेला. मी तिथंच उभी राहिले. हातातला डबा अजून गरम होता. त्याला माहीत होतं. दुसरं कारणच नव्हतं. स्वतःच्या तोंडानं न होणारा जाळ माझ्या तोंडानं होत होता. चोवीस वर्षं हसतखेळत माझ्या हातचं जेवणारा माझा भाऊ आतून माझा असा द्वेष करत होता, शंभरात अडुसष्ट.

*

विचारायचंच, असं ठरवून मी दोन दिवसांनी औशाला गेले. तो दवाखान्यामागच्या गोठ्यात एका अडलेल्या गाईपाशी होता. दोन्ही हात कोपरापर्यंत भरलेले, मालक तिचं तोंड धरून उभा. गुरू तिच्याशी सारखा बोलत होता. "झालं गं माय, झालं. उगं राहा." गाय कण्हली की त्याच्याही कपाळाला आठ्या पडत आणि डोळे भरून येत. त्याची ती सवय मला ठाऊक होती. जनावराला दुखलं की याच्या डोळ्यांत पाणी. त्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाई त्याला त्यावरून चिडवतात.

"अक्का, हिकडून ये," मान न वळवता तो म्हणाला. "उजवीकडून. तिकडून लाथ मारंल ती."

माझे पाय डावीकडेच गेले. गाईनं लाथ झाडली, ती माझ्या हातातल्या पिशवीला लागली आणि पिशवीतली फाईल शेणात पडली. मालक हसला. गुरू हसला नाही. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा गाईकडे वळला.

वासरू झाल्यावर तो नळाखाली हात धूत होता. मी तोंड उघडलं आणि निघालं ते भलतंच. "शुक्रवारी तारीख मिळालीय. मी मागं बसणार हाय."

"नको बस."

"सहा दिवसांनी गाल मरंल तो."

"मरू दे की."

"गुरू, तीन वर्षं मी..." रडू नको म्हटलं तरी आलं. कानाकडेच बघत होते, तोही धूसर झाला.

तो बराच वेळ हात धूत राहिला. नळ बंद केला आणि म्हणाला, "तुला पाहिजेच ना? बस मग."

परतताना बसमध्ये मी स्वतःला काय काय समजावलं! रागच आहे ना त्याच्या मनात, मग त्या रागाचा उपयोग होऊ दे. त्याचा गाल नीट झाला की राग ओसरेल. भावाचा द्वेष मी सवलतीच्या अर्जाला जोडणार होते, पुरावा म्हणून. जिन्यावाल्या व्यापाऱ्याला हात जोडून बाहेर काढणारी मी, ती हीच का, असं मला स्वतःलाच विचारावंसं वाटलं.

*

शुक्रवारी सकाळी अकराला आम्ही मापन केंद्रात होतो. मापक देवणीकर हे निवृत्तीला आलेले गृहस्थ, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी नियम वाचून दाखवले. बारा मिनिटं. पहिली आठ मेंदू स्थिर व्हायला, शेवटच्या चार मिनिटांची सरासरी म्हणजे क्लेशांक. नातेवाइकानं अर्जदाराला हात लावायचा नाही. हा शेवटचा प्रयत्न.

गुरू खुर्चीत बसला. टोप चढला. मी त्याच्यामागे, जरा बाजूला. 'समोर आरशात बघायचं, नजर हलवायची नाही,' अशी जाजू मॅडमनी मला तंबी दिली होती. मी नजर वर केली.

आरशात डावं-उजवं करायला जागा नसते. त्याचा सगळा चेहरा समोर होता. ओढलेली पापणी, ओठाचा मुडपलेला कोपरा, गालावर वाळल्या तळ्याच्या गाळासारखी पडलेली कातडी. चोवीस वर्षं मी हे पाहिलं नव्हतं. आरशाच्या कोपऱ्यात देवणीकरांच्या टेबलावरचा आकडा उलटा दिसत होता. एक्केचाळीस. त्रेपन्न.

पाचव्या मिनिटाला त्रेसष्ट. सातव्याला अडुसष्ट. गाल वाचणार होता. मी फक्त गप्प बसायचं होतं.

आठव्या मिनिटाला बारीक घंटी वाजली. आता धरणार ते खरं. सत्तर.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की गुरू स्वतःकडे बघतच नाहीये. तो आरशातून माझ्याकडे बघत होता. त्याचा राग मला माहीत आहे. बैलाला कुणी पराणी मारली तर त्याच्या नाकपुड्या फुगतात, मान ताठ होते. तसलं काही नव्हतं. कपाळाला आठ्या होत्या आणि डोळ्यांत पाणी होतं. परवा गोठ्यात होतं तसंच, अगदी तसंच.

यंत्राला वेदना मोजता येते. ती कुणाची, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.

"चूल नव्हती, गुरू," मी म्हणाले.

देवणीकरांनी दचकून मान वर केली. आकडा एकदम एक्क्याऐंशी झाला. बोलू नये असा नियम नव्हता. मला आता थांबताही येत नव्हतं.

"येळवस होती. हेंडगा होता आणि तो माझ्या हातात होता. काकानं नको म्हटलं होतं. तू मागं होतास आणि मी वळले. मी जाळलं तुला. आईनं शपथ घातली म्हणून..."

"मला म्हाईत हाय, अक्का."

तो अजून आरशातच बघत होता. टोपामुळे त्याला मान वळवता येत नव्हती.

"कधीपासून?"

"कधीपासून म्हणजे? मी तिथंच होतो की!" तो रडत होता की हसत होता, कळेना. "पाच वर्षांचं पोर काय दगड असतंय का? तुझ्या परकराला लाल काठ होता. तू हातानं माझं तोंड विझवलंस. तुझे हात भाजले, ते कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई. तू पाठीमागं लपवून ठिवलेस."

मी माझ्या तळव्यांकडे पाहिलं. ते मी कधीच विसरले होते.

"मग बोलला का न्हाईस?"

"आईनं शपथ घातली. दहा वर्षांचा असताना मी तिला विचारलं, चूल का सांगतीस म्हणून. तिनं इष्टलिंगावर हात ठिवायला लावला. म्हणली, तुला म्हाईत हाय हे अक्काला कळलं तर ती जीव दील. कधी बोलू नको."

दोघांनाही तिनं वेगवेगळं बांधून ठेवलं होतं. एकमेकांना वाचवायला. आणि एका घरात, एका ताटात जेवणारी आम्ही दोघं ती गाठ सांभाळत राहिलो. आईचा मला इतका राग आला, आणि इतकी आठवण आली.

"मला ह्या तोंडाचं काय न्हाई गं," गुरू म्हणाला. "पर तू खोलीत आलीस की मला दिसायचं, तू कुठं बघायलीस ते. रोज. जेवताना, बोलताना, फोटोत. माझ्यामुळं तू आयुष्यभर वाकडी मान करून बसलीस. ती कातडी मला नको होती, अक्का. मला वाटलं, नवा गाल लावला तर तू तरी एकदा सरळ बघशील."

मी खुर्ची पुढे ओढली आणि आरशात, सरळ, त्याच्याकडे पाहिलं. हात लावायला बंदी होती, म्हणून नुसतंच पाहिलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. दुसरी घंटी वाजली तेव्हा देवणीकर चष्मा पुसत होते आणि आरशाच्या कोपऱ्यात फक्त एकच अंक उरला होता. चार.

*

सरासरी एकोणतीस आली. देवणीकरांनी कागदावर शिक्का मारताना तीनदा हात थांबवला.

"बाई, तुम्ही स्वतः करसल्लागार. चार मिनिटं गप्प बसला असता तर..." त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "आता पुन्हा अर्ज नाही. कातडी विणायला आतापर्यंत जो खर्च झाला, तोही सौंदर्यवर्धनात जाणार. त्यावर कर बसेल."

"बसू द्या," मी म्हटलं.

बारा वर्षं लोकांचा कर वाचवून पोट भरणारी मी, कर बसतोय म्हणून मला हायसं वाटत होतं. प्रयोगशाळेचं संमतीपत्र गुरूच्या फोनवर आलंच होतं: त्वचा नष्ट करण्यास हरकत नाही. त्यानं उभ्याउभ्या अंगठा टेकवला आणि मला विचारलं, "तुला पाहिजे तर ठिवून घेऊ का? लोणचं घालशील." मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. जाजू मॅडमचा फोन वाजत होता, तो मी उचलला नाही.

बाहेर रिक्षात गुरू आधी चढला आणि सवयीनं डावीकडची जागा माझ्यासाठी सोडून उजव्या कडेला सरकला. मी फिरून पलीकडच्या बाजूला गेले. "सरक तिकडं," म्हटलं. तो सरकला. मी त्याच्या उजवीकडे बसले. ऊन थेट त्याच्या गालावर पडलं होतं. कातडीच्या दोन वळ्यांमध्ये दाढीचे चार केस उगवलेले होते आणि तिथं आज सकाळचा वस्तऱ्याचा बारीक काप होता. या भागाची दाढी तो कशी करतो, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. एवढासा काप. मी पदरानं तो टिपला. त्यानं टिपू दिला.

"दुखतंय का?"

"न्हाई."

"खरं सांग."

"आता यंत्राचं तरी ऐक की गं बाई," तो म्हणाला.

गंजगोलाईच्या बाजारपेठेपाशी मी रिक्षा थांबवली. निकालाचे दिवस होते. मिठाईच्या दुकानापुढे पोरांचे आईबाप रांगेत उभे होते, कुणाच्या हातात गुणपत्रिका, कुणाच्या हातात हार. आमचा नंबर आला तेव्हा म्हाताऱ्या दुकानदारानं वजनकाट्यावर खोकं ठेवलं आणि गुरूकडे पाहून कौतुकानं विचारलं, "कशाचे पेढे? कोण पास झालं?"

गुरूनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडेच बघत होते.

"न्हाई काका, मी नापास झालो," तो म्हणाला. "किलोभर द्या."